भैरू टायर अमर झाला

गावात पहिल्यांदा गाड्या आल्या, तेव्हापासून गावाबाहेर टायरांचा डोंगर साठत होता. एके दिवशी ट्रकचा थोराड टायर भैरू त्याच्या शिखरावर येऊन पडला. कावळ्यानं खाण्याच्या आशेनं त्याला चोच मारली आणि कावळाच कळवळला.

भैरू फुशारला. "अंगात रबर, काजळी, पोलादाच्या तारा आहेत माझ्या! केळ्याच्या साली कुजतील, पण मी अमर आहे!"

"म्हणजे तुझ्या दहाव्यालाही मला बोलावणं नाही," कावळा हिरमुसला.

भैरू खदाखदा हसला, तसा डोंगर हलला. तळातून सायकलचा टायर दबल्या आवाजात म्हणाला, "दादा, इथं आम्ही सगळेच अमर. जरा सरकून बसा की!"

भैरू सरकायला जागा शोधू लागला. नजर जाईल तिथवर अमरच पसरले होते.