बॅटरीचा रुसवा

वस्तू एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. एका कॅम्परव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, एक बाळ आणि त्याची आई फिरायची; तिथेच सीटखाली बॅटरी राहायची. मुक्कामी भिंतीतल्या प्लगाला वायर जोडली, की बाळाची आई म्हणायची, "हुश्श, आली बाई वीज!" बॅटरीचा नुसता जळफळाट व्हायचा. "दिवसभर पंखा फिरवते मी, आणि कौतुक या टवळीचं!"

"अगं, तुझ्यासाठीच आणलीय वीज. घे ना," एका रात्री वायर म्हणाली.

"तुझ्या हातची? त्यापेक्षा उपाशी राहीन!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडी माळावर थांबली. पंखा दोन गिरक्या घेऊन बंद पडला. बाळ घामाघूम होऊन रडू लागलं. डब्याच्या झाकणाने वारा घालत आई पुटपुटली, "रात्री वायर जोडताना माझंच काहीतरी चुकलं असणार."

बॅटरी कळवळली. शेजारी गुंडाळून ठेवलेल्या वायरीला म्हणाली, "ताई, कर ना काहीतरी!"

"माळावर भिंत कुठली? इथे मी नुसती दोरी," वायर म्हणाली. "इथे तूच हवी होतीस गं."