दिवाणसाहेबांची पाहणी

राजधानीबाहेर विणकरांसाठी नवी पेठ वसवायची ठरली. दिवाण गुंडोपंतांनी कोरड्या ओढ्यातली सपाट जागा पेठेला दिली आणि शेजारची टेकडी स्वतःच्या वाड्यासाठी ठेवली.

नगररचनेचं काम पाहणाऱ्या मृडानीबाई जागेवर जाऊन आल्या. तिथल्या झाडांच्या बुंध्यांवर डोक्याच्या वर गाळाच्या खुणा त्यांना दिसल्या. भर दरबारात त्यांनी ते सांगितलं.

दिवाण हसले. "बाई, त्याहून चांगली जागा राज्यात नाही."

"मग नकाशा बदलते," बाई म्हणाल्या. "चांगल्या जागी आपला वाडा, टेकडीवर विणकर."

"भलतंच काय! पावसाळ्यात वाडा वाहून जाईल."

बाई महाराजांकडे वळल्या. "जागेची पाहणी दिवाणसाहेबांनी आधीच केलेली दिसते, महाराज. मला वेगळं सांगण्यासारखं काही उरलं नाही."

विणकर टेकडीवर राहायला गेले.