डबीतले कुंकू

फार फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीतल्या एका लहानशा राज्यात एकच मोटार होती. राजाने ती स्वतःसाठी न ठेवता प्रजेला दिली होती. कुणाला सर्पदंश होवो, कुणी बाळंतीण अडो, मोटार धावून जाई. तिला चालवी तुळाजी.

मोटारीवर तुळाजीचा फार जीव. तिच्या यंत्रात ठिणगी वाटून देणारी एक काळी डबी होती. जाणकार तिला डिस्ट्रिब्यूटर म्हणत. आलेली ठिणगी ती यंत्राच्या प्रत्येक कप्प्याला पाळीपाळीने पोचवी. स्वतःपाशी काही ठेवीत नसे. वयोमानाने डबीच्या झाकणाला तडा गेला आणि मोटार चढावर आचके देऊ लागली. राजाच्या कोठारातून नवे झाकण आले. परंतु तुळाजीने ते फडक्यात गुंडाळून बैठकीखाली ठेवून दिले.

"जन्मभर राबलेल्याला म्हातारपणी काढून टाकायचं? एवढा कृतघ्न मी नाही," असे तो म्हणे.

खंडेनवमी आली. त्या दिवशी सुतार करवतीची पूजा करी, लोहार भात्याची. तुळाजीने मोटार धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांना आणि दिव्यांना कुंकू लावले. यंदा त्याने ती काळी डबीही उघडली. पाण्यात कालवलेले कुंकू तिच्यातल्या फिरत्या दांडीला आणि झाकणातल्या टोकांना भक्तिभावाने लावले, हात जोडले आणि झाकण बसवले.

तोच निरोप आला. त्याची सून पहिलटकरीण. बाळंतपणासाठी घाटापलीकडे माहेरी गेली होती. ती अडली होती, आणि तिथल्या सुईणीने हात टेकले होते. तुळाजीने सरूआत्याला, राज्यातल्या सर्वांत जाणत्या सुईणीला, मोटारीत घेतले व घाटाची वाट धरली.

निम्म्या चढावर मोटार खोकली, थरथरली आणि थांबली.

"आज पूजा नीट केली नाहीस वाटतं," आत्या म्हणाली.

"नीट नाही कशी? पार आतपर्यंत कुंकू लावलंय."

"आत म्हणजे कुठे?"

तुळाजीने डबी उघडली. ओला लाल लेप टोकाटोकांवर पसरला होता, झाकणाच्या तड्यात शिरला होता. पाहताक्षणी त्याला उमगले. ठिणगी आपली वाट सोडून त्या लेपातून भलतीकडेच पळत होती. त्याने फडके घेतले, पण हात पुढे होईना.

"पूस की."

"कुंकू पुसू, आत्या? पोर तिकडे अडलेली असताना?"

सरूआत्याचे कपाळ तरुणपणापासून मोकळे होते. ती शांतपणे म्हणाली, "माझं पुसलं गेल्यावरच हे हात कामाला लागले, तुळाजी. अर्धं राज्य त्यांनी जगात आणलं. तुझा मुलगाही त्यातलाच. आण ते फडकं."

नवजात बाळाचे अंग पुसावे तशा हळुवारपणे तिने एकेक टोक पुसले.

"मायेनं गुदमरवणारे मी पुष्कळ पाहिलेत," ती पुसता पुसता म्हणाली. "बाळंतिणीची दारं बंद, वर धुरी, भोवती सगळा गोतावळा. तिला हवा असतो नुसता वारा. आता सांग, हिला काय हवंय?"

"कोरडेपणा," तुळाजी खालमानेने म्हणाला. "आणि नवं झाकण."

"मग ते दे. बाकीचं सगळं तुझ्या समाधानाचं होतं."

तुळाजीने जुने झाकण कपाळाला लावले आणि बैठकीखालचे नवे काढून बसवले. मोटार एका दमात जागी झाली व तक्रार न करता घाट चढून गेली.

दिवस मावळण्यापूर्वी तुळाजीला नात झाली. तिचे रडणे ऐकताच तो आत्याच्या पाया पडला. मग अंगणात गेला आणि मोटारीच्या यंत्रावरच्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

जुने झाकण त्याने घरच्या देवळीत मानाने ठेवले. पुढे दर खंडेनवमीला मोटारीला कुंकू लागे, ते बाहेरून. आतल्या डबीसाठी तुळाजी स्वच्छ, कोरडे फडके घेई, ती मन लावून पुशी, आणि झाकणाला तडा नाही ना, ते उजेडात धरून पाही. त्या मोटारीने पुढे कुणाला वाटेत सोडले नाही.

तात्पर्य: ज्याचे आपल्यावर उपकार आहेत, त्याची गरज ओळखून ती भागवणे, हीच खरी कृतज्ञता.