कारणाचा रकाना

"मग यातला कुठला घेऊ, अण्णा?"

रेवणसिद्ध हत्तुरेनं तिसऱ्यांदा विचारलं. अण्णांनी तिसऱ्यांदाही भट्टीत नुसती शेंगांची टरफलं ढकलली.

बाजेवर तीन हूड मांडून ठेवले होते. आगीत शिरताना जवान डोक्यावरून मानेपर्यंत ओढून घेतात ते. बाहेरचे लोक त्याला माकडटोपी म्हणतात, आणि दिसतोही तो तसाच. पण हेल्मेट आणि कोट यांच्या मधे जी चार बोटं कातडी उघडी राहते, ती झाकायला दुसरं काही नसतं.

नरसय्या येमूल, म्हणजे अण्णा, तीस वर्षं अग्निशमन दलात होते. रेवणसिद्धला पाण्याची नळी धरायला त्यांनीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते मेव्हण्याच्या चुरमुऱ्याच्या भट्टीवर बसू लागले. जन्मभर विझवली, आता पेटवतोय, असं सुरुवातीला हसून सांगायचे. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून हसणं कमी झालं आणि बोलणं त्याहून कमी.

त्यांच्या दोन्ही कानांना पाळ्या नव्हत्या. त्या कधीच्या कुठल्याशा आगीत गेल्या होत्या.

रेवणसिद्ध आता अधिकारी होता. दलासाठी कापड निवडणाऱ्या समितीत त्याचा शब्द शेवटचा. परीक्षेत कधी दुसरा नंबर न आलेला माणूस. हे तो स्वतः सांगत नसे, पण समोरच्याला कळेल अशी व्यवस्था नेहमी करत असे.

"हा पहिला," तो पुन्हा सांगू लागला. "एकपदरी, हलका. आच कानाला लगेच लागते, वेळेत कळतं. पण काजळीही आत जाते. हा दुसरा, दोनपदरी. गेली चार वर्षं आपण हाच वापरतोय. आणि हा तिसरा. याच्या दोन पदरांत पापुद्रा घातलाय. काजळीचा कणसुद्धा आत शिरत नाही. तपासणीत सगळ्यात जास्त गुण यालाच."

"मग ठरलंय की तुझं."

"तुमचा शब्द हवा होता."

अण्णांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कढईतली वाळू हलवली.

खरं तर शब्द त्याला कापडासाठी नकोच होता.

सहा महिन्यांपूर्वी टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. त्या आगीत बिराप्पा पुजारी गेला. रेवणसिद्धच्याच तुकडीतला, चौतीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप. त्याच्या डोक्यावर दुसरा हूड होता, आणि तो चार वर्षांपूर्वी रेवणसिद्धनंच निवडलेला होता.

उद्या समितीपुढे कागद ठेवायचा होता. वर नव्या कापडाचं नाव, खाली एक रकाना. 'जुने कापड रद्द करण्याचे कारण.' तिथे 'कापड अपुरे पडले' एवढे तीन शब्द लिहिले की बिराप्पाचं प्रकरण मिटणार होतं. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं, विचारणारही नव्हतं. तरी चार दिवस झाले, ते तीन शब्द काही लिहून होत नव्हते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अण्णा एकदा म्हणाले असते की बाबा, कापडच वाईट होतं, तर तो आज झोपला असता. एवढ्यासाठीच तो आला होता.

"तुमच्या वेळी हे काहीच नव्हतं," तो म्हणाला. "ओला पंचा बांधून आत जात होता तुम्ही."

"व्हय."

"कान भाजला की मागं फिरायचं, असं शिकवलंत आम्हाला."

"व्हय."

"मग तेच बरं होतं म्हणता?"

अण्णांनी गळ्यावरच्या शिवणीला बोट लावलं.

"सहाजण होतो आम्ही. पंचावाले."

"आणि आता?"

"मी."

...

वाळू तापली होती. अण्णांनी त्यात तांदळाचं माप सोडलं. क्षणभर काही झालं नाही, मग सगळी कढई पांढरी होऊन फुलून आली. झाऱ्यानं त्यांनी चुरमुरे उपसले, चाळणीत वाळू झाडली. दलात असताना जसं सगळं सावकाश करायचे, तसंच.

"तिसरा घाल," ते म्हणाले.

"इथं?"

"तिकडं तोंड करून बस. पाठ भट्टीकडं."

भट्टीच्या तोंडापासून हातभर अंतरावर एक स्टूल होतं. रेवणसिद्धनं हूड ओढला आणि बसला. त्याला जरा बरंच वाटलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, कापड काय आहे ते म्हाताऱ्याला आता कळेल.

अण्णांनी टरफलांची एक पाटी आत लोटली. जाळ बाहेर जीभ काढू लागला.

"लागतंय?"

हूडमधून आवाज लांबून आल्यासारखा आला.

"काहीच नाही."

दुसरा घाणा निघाला. तिसरा निघाला.

"आता?"

"दिवसभर बसवा, अण्णा. हे कापड असं तसं नाही."

मागं झारा ठेवल्याचा आवाज झाला. मग अण्णांचा हात त्याच्या मानेवर आला.

हलकेच ठेवलेला हात होता तो. नळी पहिल्यांदा नीट धरली त्या दिवशी अण्णांनी असाच हात ठेवला होता, आणि त्यानंतर वीस वर्षांत कुणी ठेवला नव्हता. रेवणसिद्धला एकदम भरून आलं.

पुढच्याच क्षणी मानेला डागणी दिल्यासारखं झालं.

तो ताडकन उठला. स्टूल कलंडलं. तोल सावरायला त्यानं उजवा हात भिंतीवर टेकला. भट्टीशेजारची ती भिंत कित्येक वर्षांच्या काजळीनं काळी झालेली होती.

"भाजलं, अण्णा." त्यानं हूड ओरबाडून काढला.

"मी नुसता हात ठेवला."

"हात ठेवला म्हणूनच. कापड तापत जातं, पण पदरांमधे हवा असते, तोवर आतल्याला पत्ता लागत नाही. वरून दाब पडला की हवा निघून जाते आणि साठलेली आच एकदम कातडीला..."

हे तो जवानांना शिकवत असे. फळ्यावर आकृती काढून. पण आज वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

...

अण्णांनी स्टूल उचलून सरळ ठेवलं. त्यावर ते स्वतः बसले.

"बिराप्पाला शेवटची आंघोळ मी घातली," ते म्हणाले. घशातून शब्द एकेक करून येत होते. "त्याच्या बापाचे हात चालंनात. म्हणून मी."

रेवणसिद्ध उभाच होता.

"तोंड चांगलं होतं. कान जाग्यावर. कापडानं आपलं काम केलं होतं."

"छत पडलं त्याच्यावर," रेवणसिद्ध घाईनं म्हणाला. "पत्र्याचं छत. सगळ्यांनी पाहिलंय."

"व्हय. छतच पडलं."

...

"मानेवर चार बोटं उमटली होती," अण्णा म्हणाले. "भाजल्याची."

भट्टीत टरफलं तडतडत होती. रेवणसिद्ध भिंतीला टेकून तिथंच खाली बसला. साहेबाची पँट राखेत मळली, पण त्याला त्याची शुद्ध नव्हती.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. सहा महिने त्यानं ते झाकलं होतं. बायकोपासून, समितीपासून, देवळात हात जोडताना देवापासूनही.

"मी शाबासकी दिली होती," तो म्हणाला. "आत आम्ही दोघंच होतो. तो बराच पुढं गेला होता, चांगलं काम करत होता. मी मागून मानेवर थाप मारली. तो दचकला. मागं वळून बाहेर बघायला लागला."

"मग?"

"मला वाटलं, घाबरला."

"मग?"

"म्हटलं..." त्याला ते तोंडातून काढवेना. "म्हटलं, भितोस काय रे? भ्यायचं असेल तर घरी बायकोच्या पदराआड बसायचं."

अण्णा जाळाकडं बघत राहिले.

"मग तो वळला नाही," रेवणसिद्ध म्हणाला. "पुढंच गेला. दहा पावलं. मी मोजलीत, अण्णा. रोज मोजतो."

...

जाळ बसत चालला होता. अण्णांनी त्यात पुन्हा टरफलं घातली नाहीत.

"तुम्हाला सहा महिने माहीत होतं."

"व्हय."

"कुणाला बोलला नाहीत."

"बोटं माझी न्हवती."

रेवणसिद्धनं तोंड झाकून घेतलं. अण्णांनी त्याला रडू दिलं. उगी म्हणाले नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही.

मग त्यांनी खाली पडलेला तिसरा हूड उचलला, झटकला, नीट घडी केली आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"हाच घे. चांगलं कापड हाय."

"पण यात आतल्या माणसाला काही कळत नाही, अण्णा. आत्ताच बघितलंत की."

"पंच्यात कळत होतं. काजळीनं पाचजण गेले."

"मग जवानाला कळायचं कसं?"

"कळायचं काम कापडाचं न्हवं."

रेवणसिद्धनं नाक पुसलं. सोबत आणलेली फाइल ओढून घेतली. समितीचा कागद बाहेर काढला आणि गुडघ्यावर धरला. कागदाला मधोमध घडी पडली होती. ती सरळ करायला त्यानं उजवा तळवा त्यावरून दाबून फिरवला, आणि खिशातलं पेन काढलं.

वर, नव्या कापडाच्या नावापुढे, त्यानं तिसऱ्याचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही.

मग तो खालच्या रकान्याकडं आला आणि थांबला.

भिंतीची काजळी अजून त्याच्या हाताला होती. कोऱ्या रकान्यात, बरोब्बर मधोमध, चार बोटं काळी उमटली होती.

त्यानं फुंकर मारली. मग मनगटानं पुसायला गेला, तर डाग आणखी पसरला. चार बोटं मात्र चारच राहिली, वेगवेगळी, मोजता येतील अशी.

"कागद खराब झाला, अण्णा," तो हळूच म्हणाला. "उद्या ऑफिसात दुसरा घेतो. रकाना तिथं भरतो."

अण्णांनी कढईतली वाळू एकदा हलवली. त्याच्याकडं न बघताच ते म्हणाले,

"दुसरा कशाला? ... भरलाय की तो."