रुमालावरचं बोलणं

घोलपआबांनी विकलेलं जनावर परत आलं, असं त्या गुरांच्या बाजारात कधी घडलं नव्हतं. पण त्या दिवशी हौसाबाई गाय घेऊन आली, आणि मागून लंगडत तिचा नवराही.

"आबा, तुम्ही म्हणालात, गाय इतकी गरीब की तुमची नात तिच्या पायात खेळते. हिनं तर धार काढताना आमच्या मालकांचा गुडघा फोडला."

आबांनी त्या गुडघ्याकडे बघायचं टाळलं. भोवती व्यापारी जमले होते.

"बाई, रुमालाखाली बोटं धरून जो भाव ठरला, तो सौदा. रुमालावर माणूस काहीही बोलतो."

"म्हणजे ते खोटं होतं?"

"घोलप खोटं बोलत नाही!"

"मग झालं तर. नातीला एकदा हिच्या पायात खेळू द्या. मी गाय घेऊन गुमान घरी जाते."

आबांची नात बकुळा शेजारीच गूळ खात बसली होती. आजोबांचा शब्द म्हणजे तिला पुरे. ती हसत उठली आणि थेट गायीकडे धावली. हौसाबाई मध्ये आडवी उभी होतीच, पण आबांना ती दिसलीच नाही.

"अगं, मागं फिर! मारकी आहे ती!" आबांनी झेपावून पोरीला उचललं.

हौसाबाईनं गायीचं दावं आबांच्या हातात दिलं. ते त्यांनी मुकाट्यानं धरलं.

कडेवरून बकुळानं विचारलं, "आबा, मारकी होती, तर यांना गरीब का सांगितलीत?"

आबांनी खांद्यावरचा सौद्याचा रुमाल ओढला आणि तोंडावर घेतला.