बारावी खुर्ची

खाडीकाठच्या एका गावात इनास नावाचा एक केळीबागायतदार राहत होता. त्या गावच्या चर्चमध्ये दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर कमरेला टॉवेल बांधून गावातल्या बारा जणांचे पाय धूत. येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते, तसेच. त्या बारा खुर्च्यांपैकी एकीवर आपण बसावं, एवढी एकच आस इनासला होती. एकोणीस वर्षं तो नावं वाचली जाताना कान टवकारून ऐके, आणि घरी येऊन न जेवता झोपे.

या वर्षी बारावं नाव त्याचं निघालं.

इनासची चालच बदलली. पायांना चिखल लागू नये म्हणून आठवडाभर तो बागेत फिरकला नाही. वज्रीने टाचा घासल्या, खोबरेल चोळलं, घरातही मोजे घालून वावरू लागला.

"अहो, केळी सुकतायत," त्याची बायको कार्मेल म्हणाली. "पायांची पूजा आटोपली असेल तर पाणी सोडा."

"अख्ख्या गावासमोर बसायचंय मला," इनास म्हणाला. "तुला काय कळणार!"

खाडीपलीकडे मिठागराशेजारी नाताल मावशी एकटी राहत असे. ती इनासची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिनेच त्याला कुशीत धरून चर्चमध्ये नेलं होतं. आता तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. दर पवित्र गुरुवारी ओहोटी लागली की इनास गुडघाभर चिखल तुडवत जाई आणि तिला पाठीवर बसवून आणी. वर्षातून तेवढं एकदाच तिचं चर्चमध्ये येणं होई.

गुरुवारी दुपारी कार्मेलने आठवण केली, "मावशी वाट बघत असेल."

"आज चिखलात उतरू? पुढच्या वर्षी आणीन."

"ब्याण्णव वर्षांची आहे ती!"

"मग पुढच्या वर्षी त्र्याण्णवची होईल."

संध्याकाळी इनास बाराव्या खुर्चीवर ताठ बसला. फादर एकेकापुढे गुडघे टेकत पुढे सरकत होते. कुणाच्या पायांना वाफ्यातली माती होती, कुणाच्या टाचेला मासळीचे खवले चिकटलेले. परातीतलं पाणी गढूळ होत गेलं. इनासपाशी येऊन फादर थबकले.

"माझ्यासाठी धुवायला काहीच ठेवलं नाहीस की रे," ते हळूच म्हणाले. "आज पाऊल टाकलंस तरी कुठे?"

"कुठेच नाही, फादर."

आपलेच शब्द इनासच्या कानांवर आदळले. खाडीपलीकडे आपल्या घराच्या दारात बसलेली मावशी त्याच्या डोळ्यांपुढे आली. आपण एकोणीस वर्षं एका नावासाठी कान लावले. ती या घटकेला चिखलात रुतणाऱ्या त्याच्या पावलांसाठी कान लावून बसली असेल. त्याने पाय मागे घेतले.

"फादर, मला जायला हवं."

लोक कुजबुजले. बूट तिथेच राहिले. इनास अनवाणी खाडीकडे धावला. भरती चढायला लागली होती. पाणी गुडघ्यांना लागलं, मग मांड्यांना. पलीकडे नाताल मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात जपमाळ घेऊन बसली होती.

"उशीर केलास रे."

"चुकलो, मावशी."

"चुकलास ना? मग वाक. मला चढायचंय."

ते चर्चपाशी पोचले तेव्हा मिस्सेची उपासना संपली होती. आत थोडी माणसं मेणबत्त्यांपुढे प्रार्थना करत होती. चिखलाने माखलेला इनास दाराबाहेरच थांबला. "मावशी, तू जा आत. माझे पाय घाण आहेत."

मावशी खाली बसली. तिने त्याचे पाय चाचपले आणि पदराने चिखल पुसू लागली.

"अगं, ठेवणीतलं लुगडं!" इनास पाय मागे घेऊ लागला.

"असू दे," ती म्हणाली. "हे पाय माझ्या ओळखीचे आहेत. चल, दोघंही आत जाऊ."

तात्पर्य: देवाच्या घरी मान मिळावा म्हणून जो माणसांना विसरतो, त्याला त्याचा गर्व देवापासूनच दूर नेतो; आणि जो नम्रपणे दुसऱ्यासाठी वाकतो, त्याला देव चिखलासकट जवळ घेतो.