चित्रातली पवनचक्की

एका टेकडीवर एक पवनचक्की होती आणि तिच्यात एक चक्कीवाला राहायचा. माणूस मोठा कामसू. वारा सुटला की हातातला घास ठेवून उठायचा, पात्यांची खीळ काढायचा आणि खालच्या गावाचं दळण दळून द्यायचा. गावातली जाती झिजून गुळगुळीत झाली होती आणि अंगणात तशीच पडली होती. चक्की असताना हात कोण दुखवणार?

एकदा शहरातून एक चितारी आला. पायथ्याशी बसून म्हणाला, "काय देखणी चक्की! आणि मालक तर त्याहून रुबाबदार! राजवाड्यात लावण्याजोगं चित्र होईल. फक्त ही पाती तेवढी थांबवा, दादा. गरगर फिरणारी वस्तू काढू कशी?"

झालं! आपला चक्कीवाला चढला हरभऱ्याच्या झाडावर. त्याच्या पिठाला आजवर सगळ्यांनी चांगलं म्हटलं होतं, पण त्याला रुबाबदार कोण म्हणालं होतं? त्याने खीळ ठोकली, धुतलेला सदरा घातला आणि दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

वारा तर मस्त वाहत होता. लोक पोती घेऊन वर आले. "आज नाही, चित्र चाललंय," म्हणून त्याने सगळ्यांना परत पाठवलं. सर्वांच्या मागून एक म्हातारी आली, पदरात ज्वारी बांधून, धापा टाकत.

"लेकरा, एवढं मूठभर दळून दे रे. घरात चिमूटभर पीठ नाही."

चक्कीवाल्याने मानसुद्धा वळवली नाही. ऐट बिघडली असती ना! "आजी, चित्र होऊ दे की. वारा काय कुठं पळून चाललाय?"

म्हातारी वळली. वाकल्या पाठीने उतरणीला लागली.

चित्राला बरेच दिवस लागले. चितारी रंग आवरून गेला, चक्कीवाल्याने खीळ काढली आणि बघतो तर झाडाचं पान हलेना. वारा पडला तो पडलाच. घरोघरी ज्वारी शिजवून घुगऱ्या खायची वेळ आली. पोरांना गंमत वाटली, मोठ्यांनी चक्कीवाल्याच्या नावाने बोटं मोडली. पण म्हातारीच्या तोंडात एकही दात नव्हता. ती घुगऱ्या चावणार कशी? त्यांच्या वरचं पाणी पिऊन पिऊन तिने अंथरूण धरलं.

एकदाचा वारा आला, तेव्हा चक्कीवाल्याने पहिलं दळण तिचं काढलं आणि स्वतः पोहोचवलं. "आलास का बाबा," एवढंच ती म्हणाली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. म्हातारी जगली, पण पुन्हा कधी टेकडी चढू शकली नाही.

पुढे चितारी चित्राची एक नक्कल घेऊन आला. हिरवी टेकडी, निळं आभाळ, थांबलेली पाती, दारात रुबाबदार मालक. आणि खाली वाटेवर, पदरात गाठ बांधून परत जाणारी एक म्हातारी.

"ही... ही कशाला काढलीत?" चक्कीवाल्याने विचारलं.

"त्या दिवशी उतरताना दिसली, म्हणून घातली. तिच्यामुळे चित्र किती शांत झालंय बघा!"

चक्कीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शांत कसलं, ती तर उपाशी होती.

त्याने ते चित्र खिळीच्या बरोबर वर टांगलं. लांबलांबून लोक बघायला येत आणि "वा, काय निवांत जागा आहे!" म्हणत. तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा. पण वारा सुटला रे सुटला, की बोलणं अर्ध्यावर सोडून उठायचा.

"बसा पाहुणे," म्हणायचा, "आजीचं दळण राहिलंय."

तात्पर्य एवढंच, बाळांनो: वारा आहे तोवर दळून द्यावं. आपलं कौतुक थोडं थांबलं तरी चालतं, दारात आलेल्याची भूक थांबत नाही.